कोटाच्या मिठीतली बाई

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डिंक्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे.

फोन तू उचलत नाहीस. तुझी बायको उचलते आणि "ते झोपलेत" म्हणून सांगते. सकाळी अकरा वाजता? बरं. म्हणून हे पत्र. पत्राला "झोपलेत" सांगून वाटेला लावता येत नाही, ते तसंच टेबलावर पडून राहतं आणि माणसाला छळतं. छळू दे.

एकच विचारायचंय. कव्हरं कुठे टाकलीस?

मी सात आठवडे हॉस्पिटलात खुब्याचं हाड जोडून घेत पडले होते. तू एवढ्या लांबून घर सांभाळायला आलास, उपकार झाले. झाडं जगवलीस, गळका नळ दुरुस्त केलास, तेही उपकार. पण माझ्या कपाटाला हात लावायला तुला कोणी सांगितलं होतं रे? मी? डॉक्टरांनी?

मी वॉकर टेकत टेकत दारातून आत आले. तू कपाटापाशी उभा, हात मागे, चेहऱ्यावर तेच खुळं हसू. "ताई, डोळे मीट." मी मिटले. सत्तर वर्षांची बाई, मिटले डोळे! "आता उघड." उघडले तर काय, दोनशे एकतीस पुस्तकं, सगळी एका मापाची, सगळी मरून रंगाच्या रेक्झिनची, कण्यावर सोनेरी आकडे एक ते दोनशे एकतीस. कचेरीतल्या जुन्या फायली आणून माझ्या घरात लावल्यात असं वाटलं. माझे रंग गेले कुठे? ते पिवळे दिवे, त्या हिरव्या खिडक्या, ती लाल छत्री? आणि तू म्हणतोस, "आता शंभर वर्षं हलणार नाहीत, ताई."

मी काय काय बोलले ते मला आठवतंय. शेजारणीलाही आठवतंय, भिंतीपलीकडून तिने सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला सूप घेऊन आली. तुला मी खाटीक म्हणाले. शब्द मागे घेत नाही. "शेवटी बाबांचाच मुलगा" असंही म्हणाले. तेही मागे घेत नाही. तुला ती एरवी शाबासकी वाटते. मी शिवी म्हणून दिली हे तुला कळलं, आणि तेव्हा कुठे तुझा चेहरा पडला.

आणि बांधणी तरी धड करायचीस! चाळीस वर्षं लायब्ररीची पुस्तकं बांधलीस, लोक तुझ्या टाक्यांचं नाव काढायचे. शंभरच्या पुढची पुस्तकं उघडून बघितली मी. शिवण तिरकी. दीडशेच्या पुढे तर टाके नुसते नाचतायत. शिकाऊ माणूस बरा. घाई होती तर हात कशाला घातलास?

कव्हरं कुठल्या रद्दीवाल्याला दिलीस तेवढं कळव. मग बोलू नकोस माझ्याशी, चालेल.

ताई

रविवार, ९ नोव्हेंबर

डिंक्या,

पाच दिवस झाले, उत्तर नाही. म्हणून मी स्वतः गेले. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे, मग पुलाखालच्याकडे, मग गोदामाशेजारी तराजू घेऊन बसतो त्याच्याकडे. वॉकर घेऊन. डॉक्टरांनी जिना उतरू नका म्हणून सांगितलंय, हे तुला मुद्दाम कळवते. पुलाखालचा म्हणाला, "आजी, कव्हरं कोण वेगळी देतं? पुस्तकासकट देतात." मी म्हटलं, "आमच्या घरात एक रत्न आहे, ते वेगळी देतं."

तिघांकडेही नाहीत. जाळलीस का?

तुझ्या बायकोने काल फोनवर मला अक्कल शिकवली. "अहो ताई, त्यांनी प्रेमाने केलं. तुम्ही वाचता म्हणून केलं. पानं सुटत होती, वाचायला त्रास होत असेल असं वाटलं त्यांना." आणि वर, "फोनने फोटो काढून ठेवले नव्हते का?" माझा फोन बटणांचा आहे, तिला माहीत आहे.

वाचते! अरे, एक पान वाचलेलं नाही मी. त्या कादंबऱ्यांत वाचण्यासारखं आहे काय? पहिल्या पानावर भेट, विसाव्या पानावर गैरसमज, शेवटच्या पानावर मिठी. अकरा वर्षं मी पुस्तक उघडायचे ते फक्त आत वाळवी आहे का बघायला. कव्हरांसाठी घेत होते मी, कव्हरांसाठी!

तूच चिडवायचास ना मला? "ताई, सत्तरीत प्रेमकथा? कोणी मनात भरलंय का?" आणि मी हसून घ्यायचे. तुला सांगितलं, हो, वाचते बाबा, वेळ जातो. हे खोटं मी सांगितलं, तेवढं माझ्या नावावर लिही.

पण तुला डोळे आहेत की नाहीत? दर रविवारी मी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात गुडघे टेकून बसायचे. विक्रेते मला ओळखायचे, लांबून ओरडायचे, "कव्हरवाल्या बाई, या, नवीन ढीग आलाय!" फुटपाथवरच्या माणसाला कळलं ते सख्ख्या भावाला कळलं नाही. सगळी कव्हरं नव्हते घेत मी. एकाच हातची घ्यायचे. त्या पेंटरची सही कुठेच नसायची, पण मला कळायचं. आकाश खालून पिवळं, वर जाता जाता जांभळं. बाईच्या गळ्याशी सावली हिरवट. बाकीचे पेंटर गुलाबी गाल रंगवून मोकळे व्हायचे, हा माणूस कानाची पाळीसुद्धा नीट काढायचा. दोनशे एकतीसपैकी चौतीस नक्की त्याची. उरलेली मी शंका म्हणून ठेवली होती, ढिगातून त्याचा हात वाटला म्हणून उचललेली.

आणि त्या चौतीसांवर बाई एकच. केस कधी मोकळे, कधी आखूड, कधी डोक्याला रुमाल, पण बाई तीच. डाव्या भुवईत बारीक खाच. आणि हिरोकडे कधी बघायची नाही. तो बिचारा खांद्यावर हात टाकून उभा, आणि ही मान वळवून खाली, आपल्या डावीकडे बघते. लाजते आहे असं धरायचं.

हिरो कसला, कोट होता तो! लाकडी स्टँडला अडकवलेला कोट, एका बाहीत रद्दी कोंबलेली, ती बाही तिच्या खांद्यावर ठेवायची. तोंड मागाहून कुठल्यातरी मासिकातून बघून काढायचे.

मला कसं माहीत ते विचारू नकोस. नाहीतरी तू काही विचारत नाहीस, विचारलं असतंस तर ही वेळ आली नसती.

उत्तर दे.

ताई

गुरुवार, २० नोव्हेंबर

डिंक्या,

आज पुन्हा फोन केला. तुझ्या बायकोने तुझा निरोप सांगितला, शब्दाला शब्द. "चित्रांपायी सख्ख्या भावाला कोणी घराबाहेर काढतं का? बाबा असते तर त्यांनी ताईला दोन शब्द सुनावले असते."

बाबा असते तर! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की फोन आपटला. आता बस खुर्चीत आणि हे नीट वाच. बायकोला वाचून दाखवायला सांगू नकोस, स्वतः वाच.

ती बाई आपली आई आहे.

हो. तुझी आणि माझी. चौतीस कव्हरांवर. आणि ती तापाने वारली असं तुला जे सांगितलं होतं ते खोटं आहे. तू दोन वर्षांचा होतास, मी दहा. बाबांनी तिची पिशवी दाराबाहेर ठेवली. ती मामाकडे गेली, तिथे दोन वर्षं काढली, आणि मग काविळीने वारली. घरात तिचे सहा फोटो होते, सहाही बाबांनी शेगडीत घातले. त्यातल्या एकात तू तिच्या मांडीवर होतास. म्हणून तू आईला पाहिलेलं नाहीस. तुला दृष्ट लागेल म्हणून फोटो काढले नाहीत, असं बाबा सांगायचे ना तुला? तू आजवर ते खरं मानलंस.

काय केलं होतं तिने? वरच्या मजल्यावर पेंटरकाका राहायचे. पन्नाशीचे, दम्याचे, अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास. त्यांना कव्हरांसाठी चेहरा हवा होता. आई दुपारी कामं आटोपली की वर जाऊन बसायची, एकटी नाही, मला घेऊन, तुला घेऊन. तुला खिडकीजवळ चादरीवर निजवायची. मी स्टुलावर. ती खुर्चीत, खांद्यावर कोटाची बाही. कोटाला तिने 'साहेब' नाव ठेवलं होतं. "साहेबांना घाम येत नाही हे एक बरं," म्हणायची, आणि पेंटरकाका हसता हसता खोकायचे. एकदा मी तिला विचारलं, तुला कंटाळा नाही येत? म्हणाली, "दोन तास कोणी काही मागत नाही ग माझ्याकडे. त्याचा कसला कंटाळा?" एवढंच होतं ते. याच्यापलीकडे त्या खोलीत काही झालं नाही, मी शपथेवर सांगते, मी तिथे होते.

मग कोणीतरी एक कव्हर बाबांना दाखवलं. बाबांनी कोटाची बाही बघितली, आणि कोटात माणूस असणार असं धरून चालले. आईने समजावलं, पेंटरकाकांनी खाली येऊन तो कोट आणून दाखवला, स्टँडसकट. बाबा कोटाशी भांडले! हसू नकोस. त्यात तिचं घर गेलं.

ती गेल्यावरही पेंटरकाका जुन्या स्केचवरून तिलाच काढत राहिले, वर्षानुवर्षं, केस बदलून, कपडे बदलून. त्यांना दुसरा चेहरा जमला नाही की त्यांनी मुद्दाम केलं, मला माहीत नाही. मी मोठी झाले तोवर ते वारले होते.

तुझे बाबा, ज्यांच्या फोटोला तू रोज नमस्कार करतोस, त्यांनी तुला धंदा शिकवला. पहिला धडा काय होता? "पुस्तक बांधायला आलं की आधी कव्हर फाडायचं. कव्हर म्हणजे नखरा. पुस्तक आत असतं." तू हे वाक्य किती कौतुकाने सांगायचास पोरांना! अरे, तो धंद्याचा धडा नव्हता. तो त्यांचा संताप होता, आणि त्यांनी तो तुझ्या हातात सुरीसकट दिला.

बाबा जाईपर्यंत मी घरात एक कव्हर आणलं नाही. ते गेल्यावर सुरुवात केली. तुलाच दाखवायचं होतं, मूर्खा. सगळी एकदा पलंगावर मांडून म्हणणार होते, हे बघ, ही आई. आणखी एक मिळू दे, अजून स्पष्ट मिळू दे, म्हणत राहिले. आणि तू माझ्या पाठीमागे येऊन एकेक करून फाडलीस.

ताई

सोमवार, १ डिसेंबर

डिंक्या,

तुझं कार्ड आलं. सहा शब्द. "ताई, मी फाडली का ग तिला?"

हो. फाडलीस. चौतीस वेळा. मी तुझं खोटं सांत्वन करणार नाही, माझ्याकडे ते शिल्लक नाही. अक्षर तरी नीट काढायचंस, 'फाडली' वाचायला मला भिंग घ्यावं लागलं.

कार्ड दोन दिवस फ्रिजवर लावून ठेवलं. येता जाता चिडत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी तुझ्यावर चिडत नव्हते. म्हणून हे लिहिते. परत वाचून बघणार नाही, नाहीतर पाठवणार नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, 'कोणीतरी' बाबांना कव्हर दाखवलं. तू विचारलं नाहीस कोणी. तुझी जन्माची खोड, नेमकं ते विचारत नाहीस.

मी दाखवलं.

बाबांचा डबा घेऊन मी रोज कारखान्यात जायचे. त्या दिवशी लायब्ररीतून बांधायला गठ्ठा आला होता. वरचंच पुस्तक, आणि त्यावर आई! मला इतका आनंद झाला, डिंक्या. छापलेली आई! मी ते उचललं आणि चार कामगारांसमोर ओरडले, "बाबा, ही बघा आपली आई! अशी बसते ती वर!" एक कामगार हसला. एकच हसला, तोही फार नाही. बाबांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, कव्हर फाडलं, शांतपणे, कण्यापासून, आणि पुस्तक बांधायच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. मग डबा खाल्ला. पूर्ण खाल्ला. मी समोर बसून बघत होते, आणि मला वाटलं, झालं, एवढंच.

घरी आल्यावर काय झालं ते मागे लिहिलंच आहे.

आईने जाताना मला एका शब्दानेही बोल लावला नाही. पिशवी उचलली, तुझा पापा घेतला, माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "याला जप." जपलं मी. तू माझ्या फ्रॉकला असा चिकटलेला असायचास की शेजारच्यांनी डिंक्या नाव ठेवलं, आणि पुढे तू खळीडिंकाचाच धंदा धरलास म्हणून ते कायमचं राहिलं. तुझ्या शाळेत, तुझ्या तापात मी कधी कमी पडले नाही. पण तुला आईबद्दल सांगितलं नाही. कारण तू पहिला प्रश्न विचारला असतास, "बाबांना कळलं कसं?"

साठ वर्षं मी त्या प्रश्नाला घाबरले. आणि घाबरून खोटं बोलले की मी कादंबऱ्या वाचते. तू ते खरं धरलंस आणि वाचणाऱ्या बहिणीसाठी पुस्तकं बांधलीस. आता सांग, कोणाला शिव्या घालू? मला शिव्या घालायला माणूस हवाय, आणि जो तो हातातून निसटतो आहे.

तू घाल मला. कार्ड नको, पत्र लिही. सहा शब्दांत भागणार नाही.

ताई

गुरुवार, ११ डिसेंबर

डिंक्या,

तुझ्या बायकोचं पत्र आलं, चार पानी. बाईने एकदाचं मन मोकळं केलं. आता मी तुझ्यावर चिडले आहे ती वेगळ्या कारणासाठी, आणि या वेळचं कारण चांगलं भक्कम आहे.

हात थरथरतात हे मला का सांगितलं नाहीस?

उन्हाळ्यापासून! डॉक्टर म्हणाले, सुई, सुरी बंद करा, आणि तू म्हणालास, "एक शेवटचं काम करतो, ताईचं," आणि सात आठवडे माझ्या स्वयंपाकघरात दाभण धरून बसलास. दुपारी हात जास्त हलायचा म्हणून सकाळी लवकर उठून शिवायचास. दीडशेनंतर सुईत दोरा जाईना, तर शेजारणीकडून ओवून घ्यायचास. त्या शेजारणीने मला चकार शब्द सांगितला नाही, सूप तेवढं पाजलं! आणि मी तुला लिहिते, शिवण तिरकी, शिकाऊ माणूस बरा. ते वाचून तू काय केलंस? घडी घालून खिशात ठेवलंस, म्हणे. भांडायचंस रे! मी भांडखोर आहे, मला समोरून कोणीतरी लागतं.

फोन का उचलत नाहीस तेही कळलं. हातात धरता येत नाही म्हणून. "झोपलेत" काय, झोपलेत!

आणि चार पानांच्या शेवटी, 'ता. क.' म्हणून, दोन ओळींत ती काय लिहिते? "कव्हरं टाकलेली नाहीत हो, मलाही आत्ताच कळलं. ती पुठ्ठ्यांच्या आत आहेत. त्यांनी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही बोलू दिलं नाहीत आणि मग त्यांचं तोंड मिटलं ते मिटलंच."

मी पत्र हातात घेऊन कपाटासमोर उभी राहिले. वॉकर कुठे राहिला कळलं नाही.

तिने समजावून लिहिलंय, तिला चांगलं माहीत आहे. बाहेरून रेक्झिन पुठ्ठ्याला ओढतं, पुठ्ठा वाकतो, म्हणून आतून एक जाड कागद खळीने चिकटवायचा, वर कोरा कागद लावून झाकायचा. बाबांची पद्धत. चांगला कागद टाकायचा नाही. कव्हराइतका मापाचा जाड कागद दुसरा कुठे मिळणार? म्हणजे बाबांनी त्या दिवशी फाडलेलं कव्हरसुद्धा कुठल्यातरी पुठ्ठ्यात गेलं असेल, आणि कुठल्यातरी लायब्ररीत आई बंद होऊन लोकांच्या हातातून फिरली असेल. माझं डोकं बधिर झालंय, डिंक्या.

कुठलं कव्हर कुठल्या पुस्तकात, ते तुला आठवत नाही म्हणे. गठ्ठ्यातलं वरचं उचलायचं आणि लावायचं. छापील बाजू आत पुठ्ठ्याकडे, म्हणजे रंग कोऱ्या कागदातून दिसणार नाही. वा!

म्हणजे दोनशे एकतीस पुस्तकांत चौतीस आया, आणि एकेक बघायची तर एकेक पुस्तक मोडायचं. तुझं शेवटचं काम मोडायचं. तीन दिवस मी पाण्याचं पातेलं टेबलावर ठेवते आणि परत ओतून टाकते. हे तू माझ्यापुढे काय वाढून ठेवलंस रे?

ताई

रविवार, १४ डिसेंबर

प्रिय डिंक्या,

हो, लिहिलंय. फार शेफारून जाऊ नकोस.

आज सकाळी मी तीन पुस्तकं मोडली. नीट शिवलेल्यांना हात लावायचा धीर झाला नाही. सगळ्यांत वाकडी शिवण असलेली शोधून काढली, जी आपणहून उघडायच्या बेतात होती. कोमट पाण्यात फडकं भिजवून पुठ्ठ्यावर ठेवलं, तासभर. कोरा कागद सुटला. खालचा जाड कागद उलथन्याने हळूच उचलला. उलटा केला तर होडी आणि चंद्र. दुसऱ्या कुणाचा तरी हात. दुसऱ्यात एक मोटार आणि एक मिशीवाला. मी त्या मिशीवाल्याला जे बोलले ते शेजारणीने ऐकलं असणार.

तिसरं, एकशे सत्तावन्न नंबर. यात तुझे टाके अगदी कोसळले आहेत. आणि एका ठिकाणी दोऱ्यावर तपकिरी डाग आहे, दाभण बोटात गेलं असेल. कागद उलटा केला.

आई.

एक कान खळीला चिकटून पुठ्ठ्यावर राहिला. कडा तू कापल्यास म्हणून वरचं आकाश कमी झालंय. बाकी सगळी आहे. भुवईतली खाच आहे. डोक्याला निळा रुमाल आहे. खांद्यावर साहेबांची बाही. आणि नाक तुझं आहे, डिंक्या, शेंड्यापाशी जरा वाकडं, हुबेहूब तुझं. तू आरशात तोंड बघताना साठ वर्षं तिचं नाक बघत आलास, आणि मी तुला सांगितलं नाही. मी रडले. मग चिडले. मग खिडकीत वाळत ठेवली आणि समोर खुर्ची घेऊन बसले.

ती खाली डावीकडे बघते, हे मी तुला लिहिलं होतं ना? लाजते असं धरायचं म्हणून? अकरा वर्षं मीही तसंच धरत होते, फुटपाथवर, घरात, भिंग लावून. आज ती एकटी समोर होती, आजूबाजूला तेहतीस जणी नव्हत्या, तेव्हा मी त्या खोलीचा हिशोब लावला. तिची खुर्ची दाराकडे. माझं स्टूल तिच्या उजव्या हाताला. पेंटरकाका समोर. खिडकी तिच्या डाव्या हाताला.

अरे, खिडकीखाली चादर होती. चादरीवर तू होतास.

लाजली बिजली काही नाही. तू झोपेत हललास की ती बघायची. पेंटरकाका वैतागायचे, "बाई, साहेबांकडे बघा, साहेबांकडे!" ती हो म्हणायची आणि पुन्हा खाली. शेवटी त्यांनी तशीच काढली, आणि मग जन्मभर तशीच काढत राहिले. चौतीस कव्हरांवर आपली आई तुझ्याकडे बघते आहे.

उरलेल्या दोनशे अठ्ठावीस पुस्तकांना मी हात लावणार नाही. तुझं काम आहे, तूच मोड. हात थरथरतात तर थरथरू देत, पुठ्ठा मी धरीन, कागद तू उचल. तुझ्या बायकोलाही आण, तिला माझ्याशी भांडायचं आहे असं पत्रावरून दिसतं.

या आठवड्यातच ये. आणि बाबांची सुरी आणू नकोस. कोमट पाणी पुरतं.

तुझी
ताई